घरातील जळणाचा हिशेब
(इयत्ता पाचवी ते सातवी : सामान्य विज्ञान, गणित व परिसर अभ्यास यांच्या समवायासाठी पाठ)

प्रास्ताविक

घरात पीठ किती लागले ह्याचा हिशेब गृहिणी मनाशी ठेवते. तेल किती उरले हेही तिला ठाऊक असते. परंतु जळण किती लागले, ते कोणी आणले व त्यातील किती उष्णता प्रत्यक्ष भांड्याला मिळाली, ह्याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. ज्या वस्तूसाठी रोख पैसा मोजावा लागत नाही ती फुकट मिळते, असा समज होणे स्वाभाविक आहे. सरपणाच्या बाबतीत हा समज खरा नाही. ही गोष्ट मुलांना उपदेशाने पटणार नाही. तराजू व अंकगणित ह्यांच्या साहाय्याने मात्र निश्चित पटेल.

खेड्यातील शिक्षकाला ह्या विषयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. काही गावांत हजेरीपत्रकातील एखाद्या मुलीच्या नावापुढे ठराविक दिवसांनी गैरहजेरीची खूण पडते आणि विचारणा केली असता "सरपणाला गेली होती" एवढेच उत्तर मिळते. चुलीचा प्रश्न असा थेट शाळेच्या दारापर्यंत येतो. म्हणून हा पाठ केवळ विज्ञानाचा एक घटक समजून शिकवू नये.

प्रस्तुत पाठाचे उद्देश तीन आहेत : (१) जळणाचे मोजमाप करावयास शिकविणे, (२) धुराचे दुष्परिणाम समजावून देणे, (३) स्वच्छ जळणाचा कोणताही उपाय स्वीकारण्यापूर्वी तो आपल्या घरास लागू पडतो किंवा नाही, हे हिशेबाने ताडून पाहण्याची सवय लावणे. ह्यांपैकी तिसरा उद्देश सर्वांत महत्त्वाचा आहे.

१. मोळीचे गणित

पाठाचा आरंभ एका उदाहरणाने करावा. समजा, एका घरात स्वयंपाक, आंघोळीचे पाणी व जनावरांचे आंबोण मिळून रोज ८ किलो सरपण जळते. वर्षाचे होते २,९२० किलो. एक मोळी २० किलोची धरली, तर वर्षास १४६ मोळ्या लागतात. जाऊन, तोडून, बांधून परत येण्यास एका खेपेस दोन तास धरले, तर २९२ तास होतात. शाळेचा दिवस पाच तासांचा मानल्यास हे ५८ दिवसांहून अधिक भरतात. म्हणजे त्या घरातील कोणीतरी वर्षातून जवळजवळ दोन महिन्यांची शाळा डोक्यावर वाहून आणते.

उदाहरणातील आकडे गृहीत धरलेले आहेत. मुलांनी आपापल्या घरचे आकडे घालून हेच गणित पुन्हा सोडवावे. उत्तर आल्यावर शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा : "ह्या खेपा कोण घालते?" उत्तर मुलांनाच देऊ द्यावे, त्यावर भाष्य करण्याची घाई करू नये.

२. धूर कोठे जातो?

लाकूड पूर्णपणे जळले, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ निर्माण होते. उघड्या चुलीत हवा हवी तेथे व हवी तेवढी पोहोचत नाही. ओले लाकूड असल्यास बरीच उष्णता त्यातील पाणी आटविण्यातच खर्च होते. त्यामुळे ज्वलन अपुरे राहते आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड व अन्य अपायकारक द्रव्ये धुरातून बाहेर पडतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर व आढ्यावर जी काजळी दिसते ती धुराचा केवळ एक अंश होय. उरलेला धूर चुलीपुढे बसलेल्या स्त्रीच्या व तिच्या मांडीवरील मुलाच्या श्वासावाटे आत जातो.

ह्या विषयातील एक महत्त्वाचे काम पुण्यात झाले आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी व इंग्लंडमधील प्राध्यापक पीटर बार्न्स ह्यांनी २००९ साली 'द लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. श्वासनलिका आकुंचित होऊन दम लागण्याचा जो दीर्घकालीन रोग आहे, तो केवळ धूम्रपान करणाऱ्यांनाच होतो असे पूर्वी मानले जाई. सरपण, गोवऱ्या व पिकांचे अवशेष ह्यांचा धूर हेही त्याचे फार मोठे कारण आहे, आणि जगात अशा धुरात वावरणाऱ्यांची संख्या तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे, हे त्या लेखाने पुढे मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील प्रदूषित हवेमुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

२०१६ साली प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा आरंभ झाल्यापासून अनेक गरीब घरांत गॅसची जोडणी पोहोचली. तथापि २०१९ ते २१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ५८.६ टक्के कुटुंबेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरीत होती. शिवाय ज्या घरात सिलिंडर आला त्या घरातील चूल विझलीच, असे नाही. चहा व भाजी गॅसवर होते. भाकरी, आंघोळीचे पाणी व आंबोण मात्र पुष्कळ घरांत चुलीवरच राहते. म्हणून "तुमच्या घरी गॅस आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. "कोणते काम कशावर होते?" असा प्रश्न विचारावा.

३. उष्णतेचा हिशेब

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे २५ अंशाचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणण्यास ७५ किलोकॅलरी हव्यात. ह्या एका मापाने निरनिराळ्या इंधनांची तुलना करता येते. पुढील आकडे स्थूलमानाने घेतले आहेत.

सरपण : एक किलो वाळलेल्या लाकडातून सुमारे ३,५०० किलोकॅलरी मिळतात. तीन दगडांच्या चुलीत त्यांपैकी दहावा हिस्सा, म्हणजे ३५०, भांड्यास पोहोचतात. एवढ्यात साडेचार लिटरांच्या आसपास पाणी उकळते.

स्वयंपाकाचा गॅस : एक किलो गॅसमधून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात व शेगडीत त्यांपैकी ६० टक्के जरी उपयोगी पडल्या, तरी ८८ लिटर पाणी उकळते.

शेणवायू : एक घनमीटर वायूतून सुमारे ४,७०० किलोकॅलरी मिळतात. ५५ टक्के उपयोग धरल्यास ३४ लिटर पाणी उकळते.

वीज : एक युनिट विजेतून ८६० किलोकॅलरी मिळतात. ८० टक्के उपयोग धरल्यास ९ लिटर पाणी उकळते.

ह्या हिशेबावरून मुलांच्या ध्यानात यावे की, चुलीतील दहा काटक्यांपैकी नऊ काटक्या भिंती, हवा व धूर ह्यांनाच तापवितात. चुलीची रचना सुधारून हवेचा पुरवठा नीट केला आणि भांडे ज्वाळेवर नेमके बसविले, तर तेवढ्याच स्वयंपाकास निम्मे सरपण पुरू शकते. त्या वाचलेल्या मोळ्या किती, हे मुलांनी पहिल्या गणितावरून काढावे.

४. पुण्यातील एक प्रयोग

सडणाऱ्या पदार्थापासून ज्वलनशील वायू मिळतो, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहात १८९७ साली मैल्यापासून असा वायू मिळविण्यात आला होता. पुढे जशभाई पटेल ह्यांनी तरंगत्या टोपीचे शेणवायू संयंत्र तयार केले व खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतरच्या दशकात त्याचा देशभर प्रसार केला. परंतु त्यास जागा पुष्कळ लागते, रोज शेण भरपूर लागते, आणि शहरातील घरात गोठा नसतो.

पुण्यातील ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट म्हणजेच 'आरती' ही संस्था १९९६ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. प्राचार्य दिनकर कर्वे व विदुषी इरावती कर्वे ह्यांचे ते चिरंजीव, आणि महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे नातू. त्यांनी एक साधा प्रश्न उपस्थित केला. वायू तयार करणारे जीवाणू शेणात येतात ते जनावराच्या पोटातून. तेथे ते जनावराने खाल्लेल्या अन्नावर वाढतात. असे असता, पचण्याजोगे सर्व काही जनावराने काढून घेतल्यावर जो चोथा उरतो, तोच त्यांना का घालावा? त्याऐवजी पिष्ट व साखर असलेले पदार्थ का घालू नयेत?

ह्या विचारातून २००३ साली संस्थेने आटोपशीर वायुसंयंत्र तयार केले. प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या घ्यावयाच्या. एक टाकी आकाराने किंचित लहान असते. ती मोठीत उपडी बसवावयाची. खालच्या टाकीत कालवण कुजते. वायू जमेल तसतशी वरची टाकी वर उचलली जाते व तिला जोडलेल्या नळीतून वायू शेगडीकडे जातो. घरगुती संयंत्रात खालची टाकी सुमारे एक हजार लिटरांची व वरची साडेसातशे लिटरांची असते. आरंभी शेणाचे कालवण घालून जीवाणूंची वाढ होऊ द्यावयाची. त्यानंतर खराब झालेले धान्य, पिठाच्या गिरणीतील झाडलोट, शिळे अन्न, नासकी फळे, अखाद्य पेंड असे पदार्थ बारीक करून थोडेथोडे घालावयाचे. संस्थेच्या अनुभवाप्रमाणे दोन किलो पिष्टमय पदार्थापासून एका दिवसाच्या आत सुमारे अर्धा किलो मिथेन मिळतो. जुन्या पद्धतीत तेवढ्यासाठी ४० किलो शेण व ४० दिवस लागतात. ह्या कार्यासाठी संस्थेस २००६ साली इंग्लंडमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी २००२ सालीही तिला हाच पुरस्कार लाभला होता. तो शेतात जाळून टाकण्यात येणाऱ्या उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा तयार करण्याच्या पद्धतीबद्दल होता. पाचट हवा न लागू देता तापविले की त्यातून वायू निघून जातो व कोळसा उरतो. निघालेला वायू त्याच भट्टीत जाळून पुढची उष्णता मिळते.

पुणे महानगरपालिकेने हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर योजून, शहराच्या निरनिराळ्या भागांत दररोज सुमारे ५ टन ओला कचरा पचविण्याच्या क्षमतेची संयंत्रे उभारली व त्यांतील वायूपासून निर्माण झालेली वीज रस्त्यावरील दिव्यांसाठी वापरली. अशा संयंत्रात काच, प्लास्टिक वा माती गेली की काम अडते. म्हणून ओला व सुका कचरा घरातच वेगळा ठेवणे ही त्याची पहिली अट होय. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतील कचरावेचक स्त्रियांनी पुण्यात घरोघर जाऊन वर्गीकरणाचे हे काम केले आहे. यंत्राचे नाव सर्वांना ठाऊक होते. त्याच्या आधी राबणारे हात मात्र मुलांना मुद्दाम दाखवावे लागतात.

५. उपाय आपल्या घरास लागू पडतो काय?

येथे पाठ थांबविला, तर मुलांचा समज होईल की, टाक्या आणल्या म्हणजे चूल गेली. म्हणून पुढील हिशेब अवश्य करवून घ्यावा.

वर सांगितलेले दोन किलो पदार्थ म्हणजे कोरड्या स्वरूपातील पिष्ट होय. शिजलेल्या भातात सुमारे ७० टक्के पाणी असते. तेव्हा दोन किलो कोरड्या पिष्टासाठी साडेसहा किलोंहून अधिक भात रोज वाया जावा लागेल. कोणत्या शेतकऱ्याच्या घरी रोज एवढे अन्न उरते? जे थोडे उरते ते गुरे, कोंबड्या वा कुत्रे खातात. म्हणून हे संयंत्र खाणावळ, वसतिगृह, मंगल कार्यालय किंवा भाजीबाजार येथे जितके शोभते, तितके लहान शेतकरी कुटुंबात केवळ खरकट्यावर चालणार नाही. धान्याची झाडलोट, पेंड वा नासकी फळे नियमित मिळत असतील, तरच तेथे त्याचा विचार करावा. दुसरी सावधगिरी अशी की, एकदम फार पदार्थ घातल्यास कालवण आंबते, आम्ल वाढते व वायू धरणे थांबते. जनावराप्रमाणेच ह्या टाकीलाही रोज, वेळेवर व बेताने खाऊ घालावे लागते.

शेणवायूचाही असाच हिशेब आहे. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. पाच माणसांच्या स्वयंपाकास रोज सव्वा ते दीड घनमीटर वायू लागतो. म्हणजे ३० ते ३८ किलो शेण हवे. मोठ्या जनावराचे शेण रोज दहा किलो धरल्यास तीन ते चार जनावरे बांधलेली असली पाहिजेत. ज्याच्या दारी एक म्हैस व दोन शेळ्या आहेत, त्याला शेणवायूचा उपदेश करणे व्यर्थ होय.

६. वीज व ऊन

वीज घरात धूर करीत नाही. पण तिच्यासाठी धूर अन्यत्र झालेला असू शकतो. चंद्रपूर व कोराडी येथे कोळसा जाळून वीज निर्माण होते. अशा केंद्रांत कोळशातील उष्णतेचा सुमारे एक-तृतीयांश भागच विजेत उतरतो. पाण्यापासून मिळणारी वीज धूर करीत नाही, परंतु तिलाही किंमत पडते. पुणे जिल्ह्यात ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झाले, १९२७ साली भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले, मुंबईस वीज मिळाली. शेते व गावे मात्र पाण्याखाली गेली. स्वच्छ शक्ती मिळविताना तिचा भार कोणावर पडतो, हाही हिशेबाचाच भाग आहे.

म्हणून विजेची पहिली बचत म्हणजे ती कमी वापरणे. ६० वॅटचा जुना दिवा दहा तास जळल्यास ०.६ युनिट लागते. ९ वॅटच्या एलईडी दिव्यास ०.०९ युनिट पुरते. छपरावरील सौरपट्ट्यांपासूनही वीज मिळते. एक किलोवॅटच्या संचापासून रोज सरासरी चार युनिटांच्या आसपास. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत अशा घरगुती संचांसाठी अनुदानाची तरतूद करण्यात आली.

परंतु उन्हाचा सर्वांत साधा उपयोग म्हणजे पाणी तापविणे. पुण्याच्या वाड्यांतून पूर्वी तांब्याचा बंब पेटत असे. आता शहरातील पुष्कळ गच्च्यांवर सौर बंब दिसतात. खेड्यातील घरासाठी पुढील गणित घालावे. एका माणसाच्या आंघोळीचे १५ लिटर पाणी २५ अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापविण्यास २२५ किलोकॅलरी लागतात. उघड्या चुलीत त्यासाठी सुमारे ६४० ग्रॅम सरपण जळते. पाच माणसांस ३.२ किलो. पहिल्या उदाहरणातील घरात रोज ८ किलो जळण होते; त्याचे हे दोन-पंचमांश झाले! वर्षातील आठ महिने जरी ऊन कामी आले, तरी सुमारे ३९ मोळ्या वाचतील. ह्या उपायास शेण लागत नाही, शिळे अन्न लागत नाही, आणि तो सूर्य मावळण्यापूर्वी आंघोळ उरकल्यास काळ्या रंगाच्या झाकणबंद डब्यानेही काही अंशी साधतो.

७. वर्गात करावयाची कामे

(अ) आठवड्याची नोंद. प्रत्येक मुलाने घरातील पाच कामे लिहावी : चहा, डाळ-भाजी, भाकरी, आंघोळीचे पाणी, आंबोण. प्रत्येक कामापुढे कोणते जळण वापरले ते सात दिवस नोंदवावे. सरपणाचे वजन सकाळी चूल पेटण्यापूर्वी, घरातील मोठ्या माणसाच्या संमतीने व मदतीने करावे. फळ्यावर वर्गाची बेरीज मांडावी. कोणाच्याही घरची नोंद नाव घेऊन वाचू नये. ज्या घरी केवळ चूल आहे त्या मुलास वर्गात खाली पाहावे लागले, तर पाठ फसला असे समजावे.

(आ) ऊन व रंग. सारख्या आकाराचे दोन पत्र्याचे डबे घ्यावे. एक बाहेरून काळा व दुसरा पांढरा रंगवावा. दोहोंत सारखे पाणी भरून दोन तास उन्हात ठेवावे व दर अर्ध्या तासाने तापमान नोंदवावे. सातवीच्या मुलांकडून आलेख काढवून घ्यावा.

(इ) बाटलीतील वायू. दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत शेण व पाणी समभाग कालवून निम्म्यापर्यंत भरावे. एकीत चमचाभर शिजलेला भात घालावा. दोहोंच्या तोंडाला फुगे बांधून उबदार जागी पंधरा दिवस ठेवावे. कोणता फुगा आधी फुगतो ते पाहावे. शेवटी कालवणाचे थोडे पाणी गाळून त्यात जास्वंदीच्या फुलाचा रस टाकावा; गुलाबी रंग गडद झाल्यास आम्ल वाढले असे समजावे. सूचना : बाटलीस झाकण घट्ट लावू नये, वायूजवळ काडी ओढू नये, हात साबणाने धुवावे. आरंभीच्या वायूत कार्बन डायऑक्साइड अधिक असतो, हेही मुलांना सांगावे.

(ई) शाळेतील तराजू. मध्यान्ह भोजनानंतर ताटांत उरलेल्या अन्नाचे पाच दिवस वजन करावे. त्यापासून किती वायू मिळाला असता, हे पाचव्या परिच्छेदावरून काढावे. हा आकडा लहान यावा, हीच खरी इच्छा असावी. कारण अन्नाचे पहिले स्थान मुलाच्या पोटात आहे.

८. स्वाध्याय

१. आपल्या घरी वर्षाला किती मोळ्या लागतात? त्यांसाठी किती तास जातात?
२. ओले सरपण जास्त धूर का करते?
३. दोन गाई व एक म्हैस असलेल्या पाच माणसांच्या घरात शेणवायूवर स्वयंपाक भागेल काय? आकडे मांडून उत्तर लिहा.
४. आपल्या गावात आटोपशीर वायुसंयंत्रास योग्य अशी जागा कोणती? का?
५. घरातील पाच कामांपैकी कोणते काम सर्वांत आधी चुलीवरून उतरविता येईल?

पाचव्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी एकत्र करून पालक सभेत, विशेषतः मातांपुढे, वाचून दाखवावी व त्यांचे मत घ्यावे. मुलांनी काढलेले उत्तर व चुलीपुढे बसणारीचे उत्तर निराळे आले, तर दुसरे उत्तर अधिक बारकाईने ऐकावे. पाठानंतर सहा महिन्यांनी हजेरीपत्रक पुन्हा उघडून पाहावे. ज्या नावांपुढे सरपणाच्या दिवसांच्या खुणा पडत होत्या, तेथे काही फरक पडला किंवा कसे, ह्यावरून पाठाचे मूल्यमापन होईल.